आयन-निवडक इलेक्ट्रोडचे कॅलिब्रेशन: गोव्यातील पाणी तपासणाऱ्या नवशिक्यांसाठी

पाण्यातील नायट्रेट, फ्लोराइड किंवा क्लोराइड मोजण्यासाठी आयन-निवडक इलेक्ट्रोड हे साधन आता कॉलेजच्या प्रयोगशाळेपासून छोट्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सर्वत्र दिसते. ते मोठ्या यंत्रांच्या मानाने स्वस्त आहे, बॅटरीवर चालते आणि पाणी गढूळ किंवा रंगीत असले तरी अडत नाही. मात्र मीटरच्या पडद्यावर मिलिग्रॅमचा आकडा दिसत असला, तरी इलेक्ट्रोड स्वतः केवळ एक विद्युत विभव देत असतो. त्या मिलिव्होल्टचे मिलिग्रॅम होतात ते आपण त्याच दिवशी केलेल्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या ‘प्रमाणित’ द्रावणांवर मीटर जुळवून घेण्याच्या, आधारावर. ते चुकले तर दिवसभराचे सगळे आकडे चुकतात, आणि दिसायला मात्र ते पूर्णपणे विश्वासार्ह दिसतात.

हा लेख एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गावातील विहिरींचे पाणी तपासणारे विद्यार्थी, प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेले सहाय्यक आणि पंचायतीच्या पातळीवर पाण्याचे काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. मी हे काम गोव्यात केले आहे. येथील दमट हवा, भरतीचे खारे पाणी आणि लॅटराईटची (जांभ्या दगडाची) जमीन या तिन्ही गोष्टी कॅलिब्रेशनमध्ये कशा आडव्या येतात हे उपकरणासोबत येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेले नसते. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच नियम आहे: प्रमाणित द्रावण आणि नमुना यांच्यात, जो आयन मोजायचा आहे त्याच्या प्रमाणाखेरीज, दुसरा कोणताही फरक राहू देऊ नये. पुढची प्रत्येक सूचना या नियमातूनच निघते.

१. काय मोजायचे, किती मर्यादेत आणि कोणत्या एककात, हे आधी ठरवा

भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा अधिक असू नये, आणि या मर्यादेत कोणतीही सवलत नाही. फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५, तर क्लोराइडची अनुक्रमे २५० आणि १००० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. कॅलिब्रेशनची द्रावणे निवडताना ही मर्यादा दोन द्रावणांच्या मधोमध यावी. नायट्रेटसाठी १० आणि १०० ही जोडी योग्य ठरते, आणि स्वच्छ झऱ्याचे पाणी तपासायचे असेल तर १ चे द्रावणही घ्यावे.

एककाचा सापळा येथेच असतो. ४५ ही मर्यादा संपूर्ण नायट्रेट आयनाची आहे. अनेक मीटर आणि अनेक तयार बाटल्या मात्र नायट्रेटमधील केवळ नायट्रोजनचे प्रमाण सांगतात, आणि त्या पद्धतीने हीच मर्यादा सुमारे १०.२ होते. दोहोंमधील गुणक ४.४३ आहे. बाटलीवर नायट्रोजनच्या हिशेबात १० असे लिहिलेले असताना मीटरमध्ये नायट्रेट १० अशी नोंद केली, तर ४४ मिलिग्रॅम नायट्रेट असलेली विहीर १० मिलिग्रॅमची म्हणून अहवालात जाते. बाटलीचे लेबल, मीटरची सेटिंग आणि अहवालाचा तक्ता या तिन्ही ठिकाणी एकक एकच आहे ना, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यावे.

२. साहित्य आणि कागदपत्रे

मीटर असा हवा की तो मिलिव्होल्ट ०.१ पर्यंत दाखवेल. पीएच मीटरवर मिलिव्होल्टचे बटण असले तरी काही स्वस्त मीटर पूर्ण आकडाच दाखवतात. ते या कामाला उपयोगाचे नाहीत, कारण नायट्रेटसारख्या एकसंयुजी (एकच विद्युतभार असलेल्या) आयनाच्या बाबतीत एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे प्रमाणात जवळपास ४ टक्क्यांची चूक, आणि कॅल्शियमसारख्या द्विसंयुजी आयनाच्या बाबतीत ती ८ टक्क्यांवर जाते. याशिवाय पुढील गोष्टी लागतील:

- मोजायच्या आयनाचा इलेक्ट्रोड आणि तुलनेसाठी स्थिर विभव देणारा, दुहेरी जंक्शनचा संदर्भ इलेक्ट्रोड (किंवा दोन्ही एकत्र असलेला संयुक्त इलेक्ट्रोड)
- १०० मिलिलिटरचे ‘ए’ वर्गाचे व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्क आणि १० मिलिलिटरचे पिपेट
- एकाच आकाराचे प्लास्टिकचे बीकर, चुंबकीय स्टरर, थर्मामीटर, टिश्यू पेपर
- सगळ्या भांड्यांतील क्षारांची पातळी सारखी करणारे आयनबल समायोजक द्रावण (प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘आयसा’ म्हणतात) आणि फ्लोराइडसाठी ‘टिसॅब’, म्हणजे पीएचही स्थिर ठेवणारे समायोजक
- १००० मिलिग्रॅम प्रति लिटरचे मूळ द्रावण, आणि दुसऱ्या स्रोताचे एक स्वतंत्र तपासणी द्रावण
- ऊर्ध्वपातित किंवा विआयनीकृत पाणी

कागदपत्रांत इलेक्ट्रोडची पुस्तिका, प्रत्येक द्रावणाचे विश्लेषण प्रमाणपत्र, पिपेट, तराजू आणि थर्मामीटर यांची तपासणी प्रमाणपत्रे, आणि पाने क्रमांकित असलेली एक नोंदवही ठेवावी. तुमची प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकनाच्या वाटेवर असेल, तर लेखापरीक्षक सर्वात आधी हीच नोंदवही मागतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. वीस लिटरच्या कॅनमधले आरओचे पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी नव्हे. बॅटरीसाठी मिळणारे पाणी कधी चांगले असते, कधी नसते. वाहकता मोजावी, ती १ ते २ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर त्या पाण्याने द्रावणे करू नयेत.

३. इलेक्ट्रोड तयार करा

नायट्रेटच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला पापुद्र्यासारखे पीव्हीसीचे पटल असते. कोरडा ठेवलेला इलेक्ट्रोड थेट वापरला तर वाचन तासभर सरकत राहते. म्हणून तो आधी १०० मिलिग्रॅमच्या नायट्रेट द्रावणात किमान अर्धा तास, आणि बराच काळ पडून असेल तर एक-दोन तास बुडवून ठेवावा. पटलाला बोट लावू नये, आणि ते टिश्यूने पुसूही नये, केवळ टिपावे. फ्लोराइडच्या इलेक्ट्रोडमध्ये लँथेनम फ्लोराइडचा स्फटिक असतो. तो टणक असतो आणि त्याला एवढी प्रतीक्षा लागत नाही.

संदर्भ इलेक्ट्रोडकडे नवशिक्यांचे लक्षच जात नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. त्याच्या बाहेरच्या कक्षातील द्रावण जंक्शनमधून थोडे थोडे पाझरत असते. त्यामुळे त्या द्रावणात आपण मोजत असलेला आयन असता कामा नये. क्लोराइड मोजताना बाहेरच्या कक्षात पोटॅशियम क्लोराइड चालत नाही, आणि नायट्रेट मोजताना पोटॅशियम नायट्रेट चालत नाही. नायट्रेटसाठी तेथे सौम्य अमोनियम सल्फेट वापरतात. भरण्याचे छिद्र मोजमापाच्या वेळी उघडे असावे आणि आतल्या द्रावणाची पातळी बीकरमधील पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावी. रबरी बूच तसेच राहिले की पाझर थांबतो आणि वाचन कारण नसताना भटकू लागते. याच कारणासाठी क्लोराइड मोजत असलेल्या बीकरमध्ये पीएचचा इलेक्ट्रोडही बुडवू नये, कारण त्यातून पोटॅशियम क्लोराइड पाझरते. पीएच वेगळ्या भांड्यात मोजावे.

४. प्रमाणित द्रावणे तयार करा

तयार मूळ द्रावण विकत घेणे सर्वात सोपे. घरचेच करायचे असेल तर १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड केलेले पोटॅशियम नायट्रेट १.६३१ ग्रॅम घेऊन एक लिटर करावे, म्हणजे नायट्रेट १००० मिलिग्रॅम प्रति लिटर होते. फ्लोराइडसाठी वाळवलेले सोडियम फ्लोराइड २.२१० ग्रॅम, आणि क्लोराइडसाठी सोडियम क्लोराइड १.६४८ ग्रॅम. वाळवण्याचा आणि डेसिकेटरचा टप्पा गोव्यात, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, कधीही टाळू नये. त्या दिवसांत क्षार बाटलीतच ओलसर होऊन गोळा होतो आणि वजनातला काही भाग पाण्याचा असतो. डेसिकेटरमधील निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ती आधी भाजून घ्यावी.

पुढे मूळ द्रावणाचे १० मिलिलिटर १०० च्या फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत भरले की १०० चे द्रावण होते, त्याचे १० मिलिलिटर घेऊन १० चे, आणि त्याचे १० मिलिलिटर घेऊन १ चे. सौम्य द्रावणे त्याच दिवशी करून त्याच दिवशी वापरावीत. फ्लोराइडची द्रावणे आरंभापासून अखेरपर्यंत प्लास्टिकमध्ये ठेवावीत, कारण आम्लयुक्त माध्यमात फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करते. भांडी धुण्याबद्दलही सावध राहावे: धातूंच्या विश्लेषणासाठी काचसामान नायट्रिक आम्लाने धुण्याची पद्धत अनेक प्रयोगशाळांत आहे, पण नायट्रेटच्या कामासाठी ती घातक आहे. या कामाचे फ्लास्क वेगळे ठेवून त्यांवर खूण करावी.

आता एक बाब, जी समजून घेतली नाही तर बाकी सगळे व्यर्थ जाते. वरील तिन्ही द्रावणे एकाच मूळ द्रावणापासून झाली आहेत. मूळ द्रावणच १० टक्के सौम्य असेल, तर १००, १० आणि १ ही तिन्ही द्रावणे सारख्याच प्रमाणात सौम्य होतात, त्यांतील दहापटीचे अंतर कायम राहते, आणि पुढे येणारा स्लोप, म्हणजे प्रमाण दहापट झाल्यावर मिलिव्होल्टमध्ये पडणारा फरक, अगदी निर्दोष दिसतो. स्लोपवरून इलेक्ट्रोड ठीक चालतो आहे की नाही हे कळते. द्रावण बरोबर होते की नाही हे कळत नाही. म्हणूनच साहित्याच्या यादीत दुसऱ्या स्रोताचे तपासणी द्रावण आहे. ते वेगळ्या उत्पादकाचे, निदान वेगळ्या लॉटचे असावे, आणि खर्च वाचवण्यासाठी ते गाळू नये.

५. आयनबल आणि तापमान सारखे करा

इलेक्ट्रोड आयनाची सक्रियता, म्हणजे त्याचे प्रभावी प्रमाण, ओळखतो, आणि ती पाण्यातील एकूण क्षारांवर अवलंबून असते. झऱ्याच्या पाण्यात क्षार कमी, किनाऱ्याजवळच्या विहिरीत जास्त. म्हणून प्रत्येक भांड्यात समायोजक घालून ही पातळी एकसारखी करतात. नायट्रेटसाठी २ मोलर अमोनियम सल्फेट आणि क्लोराइडसाठी ५ मोलर सोडियम नायट्रेट, दोन्ही प्रत्येक १०० मिलिलिटरला २ मिलिलिटर. प्रमाणित द्रावण आणि नमुना या दोघांतही सारखेच प्रमाण घातले, तर सौम्य होण्याचा हिशेब वेगळा करावा लागत नाही. द्रावणांत घातले आणि नमुन्यात राहिले, असे घाईत होते. त्यासाठी समायोजक घातलेल्या बीकरवर मार्करने ठिपका देण्याची सवय लावावी.

तापमानाच्या बाबतीत ‘मीटरमध्ये तापमान-भरपाई आहे, मग काळजी कशाला’ असा समज सर्रास आढळतो. सैद्धांतिक स्लोप २५ अंशांना ५९.१६ आणि ३० अंशांना ६०.१५ मिलिव्होल्ट असतो, आणि मीटर फार तर एवढाच फरक भरून काढतो. इलेक्ट्रोड आणि संदर्भ इलेक्ट्रोड यांच्या मूळ विभवात तापमानामुळे पडणारा फरक तसाच राहतो. वातानुकूलित खोलीत ठेवलेली द्रावणे २४ अंशांवर, नुकताच मोटारीतून आणलेला विहिरीचा नमुना ३० अंशांवर, आणि फ्रिजमधून काढलेला दुसरा नमुना १२ अंशांवर, अशा स्थितीत मोजमाप सुरू करू नये. सगळ्या बाटल्या एकाच टेबलावर ठेवून थर्मामीटरने एक अंशाच्या आत येईपर्यंत थांबावे. स्टररची प्लेट चालून चालून गरम होते, म्हणून बीकरखाली थर्मोकोलचा पातळ तुकडा ठेवावा.

६. प्रत्यक्ष कॅलिब्रेशन

क्रम नेहमी कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे. उलट क्रमाने गेल्यास पटलावर राहिलेला अंश पुढच्या सौम्य द्रावणात उतरतो.

बीकरमध्ये १०० मिलिलिटर द्रावण आणि २ मिलिलिटर समायोजक घ्यावे आणि स्टरर मध्यम गतीवर लावून ती गती दिवसभर बदलू नये. इलेक्ट्रोड धुऊन, टिपून, किंचित तिरका धरून बुडवावा. सरळ खाली सोडल्यास पटलाखाली हवेचा बुडबुडा अडकतो. तो वरून दिसत नाही, पण वाचन काही मिलिव्होल्टने उड्या मारू लागले की प्रथम इलेक्ट्रोड उचलून हलका झटका द्यावा आणि पुन्हा बुडवावा.

मीटर मिलिव्होल्टवर ठेवून पाहत राहावे. १० मिलिग्रॅमच्या द्रावणात आकडा साधारण असा उतरतो: १५४.०, १५३.१, १५२.६, मग १५२.४, आणि नंतर बराच वेळ १५२.३. पहिल्या पंधरा-वीस सेकंदांतच अनेक मीटर ‘स्थिर’ अशी खूण दाखवतात. त्या खुणेवर विसंबू नये. एका मिनिटात बदल ०.१ ते ०.२ मिलिव्होल्टच्या आत आला की मगच नोंद करावी, आणि प्रत्येक द्रावणाला व नमुन्याला सारखाच वेळ द्यावा. सौम्य द्रावणात हा वेळ दोन-तीन मिनिटांपर्यंत जातो.

समजा १० ला १५२.३, १०० ला ९५.१ आणि १००० ला ३७.६ मिलिव्होल्ट आले. नायट्रेट ऋण आयन असल्यामुळे प्रमाण वाढताना आकडा कमी होतो, हे योग्यच आहे. पहिल्या दोहोंतील फरक ५७.२ आणि पुढच्या दोहोंतील ५७.५, म्हणजे रेषा सरळ आहे. आता एखाद्या नमुन्याला ११८.६ आले, तर १५२.३ मधून ११८.६ वजा करून ३३.७, त्याला ५७.२ ने भागून ०.५८९, आणि १० च्या ०.५८९ घाताला १० ने गुणून ३८.८ मिलिग्रॅम. वाचन एकाच मिलिव्होल्टने खाली, म्हणजे ११७.६ आले असते, तर उत्तर ४०.४ झाले असते. मीटर हा हिशेब स्वतः करतो, तरी सुरुवातीचे काही दिवस तो हाताने करून पाहावा, कारण मीटरमध्ये द्रावणांचा क्रम चुकून भरला गेल्यास ते यामुळेच लक्षात येते. मिलिव्होल्टचे आकडे वहीत नेहमी लिहावेत. केवळ मिलिग्रॅम लिहिलेल्या नोंदीवरून नंतर चूक शोधता येत नाही.

७. स्लोप आणि तपासणी द्रावण

एकसंयुजी आयनासाठी ५४ ते ६० मिलिव्होल्टचा स्लोप साधारणपणे मान्य असतो. नेमकी मर्यादा पुस्तिकेत पाहावी. त्याहून कमी आला तर पुढील क्रमाने पाहावे: द्रावणे ताजी आहेत का, समायोजक सर्वांत घातला का, बुडबुडा नाही ना, संदर्भ इलेक्ट्रोडचे छिद्र उघडे आहे का, आणि शेवटी पटल जुने झाले का. नवे पटल विकत घेण्याची घाई बहुतेक वेळा अनाठायी ठरते. १ मिलिग्रॅमच्या खाली रेषा वाकू लागते, हा दोष नसून इलेक्ट्रोडची शोधमर्यादा जवळ आल्याचे लक्षण आहे. तो बिंदू ओढूनताणून सरळ रेषेत बसवू नये.

हात जवळ नेताच आकडा हलत असेल, तर अर्थिंगची तपासणी करावी. पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होत असताना मीटर अडॅप्टरऐवजी बॅटरीवर चालवल्यास वाचन पुष्कळदा लगेच शांत होते.

स्लोप ठीक आल्यावर दुसऱ्या स्रोताचे तपासणी द्रावण मोजावे. त्याच्या लिहिलेल्या किमतीपासून १० टक्क्यांहून अधिक फरक आला, तर एकही नमुना मोजू नये. स्लोप कितीही सुंदर आला असला तरी.

८. खारे पाणी: गोव्यातील मुख्य अडचण

मांडवी आणि झुआरीत उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी खूप आतपर्यंत येते आणि पावसाळ्यात नदी पुन्हा गोड्या पाण्याची होते. त्यामुळे खाजन (बांध घालून भरतीपासून राखलेल्या) जमिनींच्या कडेच्या, दिवाडी-चोडणसारख्या बेटांवरच्या किंवा किनारपट्टीच्या विहिरींत क्लोराइड ऋतूनुसार बदलू शकते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. म्हणजे विहिरीत केवळ एक टक्का समुद्रजल मिसळले तरी क्लोराइड १९० मिलिग्रॅमने वाढते, आणि पिणाऱ्याला कदाचित चवीतही फरक जाणवत नाही.

नायट्रेटचा इलेक्ट्रोड क्लोराइडलाही थोडा प्रतिसाद देतो. किती, ते पुस्तिकेतील निवडकता गुणांकावरून काढता येते. गुणांक ०.००५ दिला असेल आणि नमुन्यात क्लोराइड १००० मिलिग्रॅम असेल, तर २८.२ मिलिमोल गुणिले ०.००५ म्हणजे ०.१४१ मिलिमोल, म्हणजे जवळपास ८.७ मिलिग्रॅम नायट्रेट पाण्यात नसतानाही मीटरवर दिसेल. खरे प्रमाण ३८ असलेली विहीर अशा वेळी ४५ च्या वर जाते. याच पट्ट्यात घरे दाटीने आहेत, जमीन वाळूची किंवा सच्छिद्र लॅटराईटची आहे, आणि सोकपिट विहिरीपासून फार दूर नसते. त्यामुळे नायट्रेट खरोखर वाढण्याचे कारणही तिथेच असते. खरे नायट्रेट आणि क्लोराइडमुळे भासणारे नायट्रेट यांत फरक करता आला नाही, तर एखाद्या कुटुंबाला विनाकारण विहीर बंद करायला सांगितले जाईल. किंवा, वर्षानुवर्षे येथे नायट्रेट खोटेच दिसते अशी समजूत करून घेऊन, खऱ्या दूषित विहिरीकडे दुर्लक्ष होईल. दुसरी शक्यता मला अधिक काळजीची वाटते, कारण बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना नायट्रेटचा धोका सर्वाधिक असतो.

यासाठी प्रत्येक नमुन्याचे क्लोराइड, निदान वाहकता, आधी मोजावी. क्लोराइड साधारण १०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर वरच्या हिशेबाने चूक एका मिलिग्रॅमच्या आसपास राहते आणि नेहमीचे कॅलिब्रेशन चालते. त्याहून जास्त असेल तर दोन मार्ग आहेत. एक, नमुन्यात जितके क्लोराइड आहे तितकेच प्रमाणित द्रावणांतही सोडियम क्लोराइडच्या रूपाने घालून त्या गटासाठी वेगळे कॅलिब्रेशन करणे. दोन, सिल्व्हर सल्फेट घालून क्लोराइडचा साका करणे आणि तेच प्रमाण द्रावणांतही घालणे. चांदीचा हा टाकाऊ भाग सिंकमध्ये ओतू नये, वेगळ्या बाटलीत साठवून योग्य विल्हेवाटीसाठी द्यावा. क्लोराइड हजाराच्या पुढे गेले की इलेक्ट्रोडचा हट्ट सोडून वर्णमापी पद्धतीकडे वळावे.

एक गैरसमज येथेच दूर करतो. नमुन्यात ज्ञात प्रमाणात नायट्रेट घालून मोजण्याची ‘स्टँडर्ड ॲडिशन’ पद्धत सगळे अडथळे दूर करते असे सांगितले जाते. नमुन्यातील इतर घटकांमुळे प्रतिसाद कमी-जास्त होत असेल तर तिचा उपयोग होतो. पण क्लोराइड आपल्या वाट्याचा प्रतिसाद नायट्रेटमध्ये मिळवत असेल, तर तो मिळवलेला भाग ही पद्धत वजा करू शकत नाही.

९. फ्लोराइडसाठी वेगळे काय

येथे समायोजकाची जागा टिसॅब घेते आणि ते सहसा नमुन्याइतकेच, म्हणजे ५० मिलिलिटरला ५० मिलिलिटर, घालतात. ते पीएच ५.३ ते ५.५ वर धरून ठेवते: त्याखाली फ्लोराइड हायड्रोजनशी जोडले जाते, आणि पीएच फार वर गेल्यास हायड्रॉक्साइड आयन इलेक्ट्रोडला फसवतात. शिवाय त्यातील सीडीटीए हे संयुग लोह आणि ॲल्युमिनियमने धरून ठेवलेले फ्लोराइड मोकळे करते. लॅटराईटमधून आलेल्या लोहयुक्त पाण्यात आणि तुरटीने शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यात हे अत्यंत आवश्यक आहे. टिसॅब घातल्यावर काही मिनिटे थांबून मगच मोजावे. ०.२ मिलिग्रॅमच्या खाली प्रतिसाद फार संथ होतो, त्यामुळे अशा नमुन्यांना घाई करू नये.

१०. नमुने मोजताना

नमुना प्लास्टिकच्या बाटलीत, बोअरवेल असेल तर पंप काही मिनिटे चालवून मग घ्यावा. नायट्रेटचा नमुना बर्फात ठेवून आणावा आणि ४८ तासांच्या आत मोजावा. आम्ल घालून टिकवण्याच्या नादात नायट्रिक आम्ल कधीही घालू नये.

दर दहा नमुन्यांनंतर, किंवा दोन तासांनी, मधले प्रमाणित द्रावण पुन्हा मोजावे. मिलिव्होल्ट दोनपेक्षा अधिक सरकले असतील तर पुन्हा कॅलिब्रेशन करून मधले सगळे नमुने पुन्हा मोजावे लागतात, म्हणून नमुन्यांचे पाणी लगेच ओतून देऊ नये. प्रत्येक गटातील एका नमुन्यात ज्ञात नायट्रेट घालून ते किती परत मिळते तेही पाहावे. ९० ते ११० टक्क्यांच्या मध्ये आले तर समाधान मानावे.

११. साठवण आणि पटल बदलणे

दिवसभराच्या कामात मधल्या वेळी नायट्रेटचा इलेक्ट्रोड सौम्य नायट्रेट द्रावणात ठेवावा, ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, कारण त्यात पटलातील घटक हळूहळू निघून जातात. काही आठवडे वापर नसेल तर धुऊन, टिपून, टोपी लावून कोरडा ठेवावा, आणि संदर्भ इलेक्ट्रोडचा बाहेरचा कक्ष रिकामा करून धुवावा; तसाच ठेवल्यास जंक्शनवर क्षार साठून ते बुजते.

पटल साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते. रात्रभर भिजवूनही स्लोप ५४ च्या वर येत नसेल तर ते बदलावे, बसवल्याची तारीख मार्करने इलेक्ट्रोडच्या दांड्यावर लिहावी, आणि नव्या पटलाचे मिलिव्होल्ट जुन्या नोंदींशी ताडून पाहू नयेत. त्यांत दहा-वीस मिलिव्होल्टचा फरक सहज असू शकतो. ताडायचा असतो तो स्लोप, आणि दुसऱ्या स्रोताच्या द्रावणाचे उत्तर.